क्लोरीनने धुतलेलं चिकन उलट जास्त स्वच्छ असेल ना, मग ब्रिटन ते अमेरिकेकडून का घेत नाही?

प्रश्न रास्त आहे. नुसत्या क्लोरीनला घाबरायचं फारसं कारण नाही, इथे ब्रिटनमध्ये पॅकेटमधली सॅलडची पानंसुद्धा क्लोरीनच्या पाण्यात धुतात आणि सगळे खातात. शिवाय अमेरिकेतले बरेच प्लांट आता क्लोरीन सोडून पेरासिटिक ॲसिड वापरतात. मी इथे अंडी पॅक करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे या विषयाशी रोजचाच संबंध येतो.

खरा मुद्दा हा की कोंबडी शेवटी केमिकलने धुवायची वेळ का येते. शेडमध्ये दाटी, खाली ओलं तूस, कत्तलीच्या लाइनचा स्पीड, या सगळ्यात ढिलाई झाली तरी शेवटच्या एका धुण्यात निभावून जातं, म्हणून युरोपने 1997 पासून हे बंद केलं आणि ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही बंदच ठेवलं. इंग्लंडमध्ये एका चौरस मीटरला जास्तीत जास्त 39 किलो वजनाच्या कोंबड्या ठेवता येतात. अमेरिकेत देशपातळीवर अशी मर्यादाच नाही, आणि जनावरांना कमी वेदना देऊन मारायचा जो केंद्राचा कायदा आहे त्यात कोंबड्या धरलेल्याच नाहीत!

आता अडचण बघा. 2010 मध्ये आपल्या नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते ते आठवत असेल, सीसीसी (वेलींची वाढ रोखायला वापरतात ते रसायन) याचा अंश जास्त निघाला म्हणून. शेतकऱ्यांचं नुकसान झालं, पण निदान तो अंश लॅबमध्ये दिसतो, मोजता येतो. कोंबडी कशी जगली हे मांसात कुठल्याच लॅबला सापडत नाही, दोन्ही तुकडे सारखेच दिसतात. त्यामुळे व्यापार करारात अन्नसुरक्षेच्या अटी टिकतात आणि जनावरांच्या हालअपेष्टांचा मुद्दा पहिला सोडून दिला जातो.

याचा परिणाम मला सगळ्यात जास्त डुकरांच्या बाबतीत खटकतो. ब्रिटनने 1999 मध्ये गाभण डुकरिणीला अंग वळवता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं बंद केलं, चांगलंच केलं, पण त्याच पिंजऱ्यांतून येणारं परदेशी बेकन दुकानात चालूच राहिलं. पुढच्या दहा वर्षांत इथल्या प्रजननाच्या डुकरिणी जवळजवळ निम्म्यावर आल्या. बाकी कारणंही होती, मान्य, पण हे मोठं होतं. म्हणजे हाल थांबले नाहीत, फक्त देश बदलला आणि नियम पाळणारा शेतकरी मेला.

अंड्यांचं तर मी रोज बघतो. इथल्या प्रत्येक अंड्यावर शिक्का असतो, पहिला आकडा 0 म्हणजे ऑरगॅनिक, 1 फ्री रेंज (बाहेर फिरणाऱ्या कोंबड्यांचं), 2 बार्न (शेडमध्येच पण मोकळ्या), 3 पिंजरा. गिऱ्हाईक दुकानात तो आकडा बघून घेतं. पण तेच अंडं बाहेरून पावडर किंवा लिक्विड होऊन आलं आणि मेयोनीज नाहीतर केकमध्ये गेलं की शिक्का गायब, आणि इथे 2012 पासून बंद असलेल्या जुन्या पद्धतीच्या, घरटं-दांडी काही नसलेल्या पिंजऱ्यातलं अंडं लोकांच्या पोटात जातं, कुणाला पत्ता नाही.

मग उपाय काय? माझ्या मते टॅरिफ, म्हणजे आयातीवरची ड्युटी. सरसकट बंदी नको, पण ड्युटीची सूट फक्त जे इथल्या नियमाने जनावरं पाळतात त्यांनाच. हे हवेतलं नाही, युरोप आणि मर्कोसुर (ब्राझील, अर्जेंटिना वगैरे दक्षिण अमेरिकी देशांचा गट) यांच्या करारात कवचासकट अंड्यांना ड्युटीमाफी आहे ती अशाच अटीवर. ब्रिटनने ऑस्ट्रेलियाशी 2021 मध्ये करार करताना बीफ आणि मटणावर अशी अट घातली नाही आणि तो ज्यांच्या काळात झाला त्या शेतीमंत्री जॉर्ज युस्टिस यांनीच पुढच्या वर्षी संसदेत सांगितलं की करार तितकासा चांगला नाही.

जागतिक व्यापार संघटना हे चालू देणार नाही असं बरेच जण म्हणतात. पण सील या समुद्री प्राण्याच्या मालावर युरोपने घातलेल्या बंदीविरुद्ध कॅनडा आणि नॉर्वे गेले तेव्हा 2014 मध्ये तिथल्या अपील बॉडीने, बंदीतल्या काही सवलतींवर आक्षेप घेतला तरी, लोकांच्या नीतिमत्तेसाठी असे निर्बंध घालता येतात हे मान्य केलं. आणि आपला भारत बघा की, बाहेरून दूध-चीज आणायचं तर गायीला दुसऱ्या जनावरांचं रक्त-मांस असलेलं खाद्य घातलेलं नाही असं सर्टिफिकेट लागतं. अमेरिका कित्येक वर्षं यावर कुरकुर करतेय, तरी आपण ती अट काढलेली नाही.