लाल जिनसेंग: रंग जातीचा की वाफेचा?

प्रश्न असा आलाय की कोरियन पाकिटावरच्या 'रेड जिनसेंग'ला (जिनसेंग म्हणजे तिकडचं औषधी मूळ) मराठीत सरळ 'लाल जिनसेंग' म्हणायचं का, आणि पांढऱ्याचं झाड वेगळं असतं का.

म्हणा की, पण वाचणारा फसणार. लाल कांदा नि पांढरा कांदा म्हटलं की आपल्या डोक्यात दोन जाती येतात, इथे मात्र झाड एकच, पॅनॅक्स जिनसेंग, फरक सगळा उपटल्यानंतरचा. कोरियनमध्ये त्याला इनसम म्हणतात, त्यातला 'सम' धरून ठेवा म्हणजे बाकीची नावं आपोआप सुटतात. ताजं ओलं मूळ ते सुसम, 'सु' म्हणजे पाणी, आणि खरंच त्यात पाऊण हिस्सा पाणीच असतं म्हणून ते टिकत नाही. साल खरवडून उन्हात वाळवलं की बेकसम, म्हणजे पांढरं. आल्याची सुंठ होते ना, अगदी तसंच! आणि होंगसम, म्हणजे लाल, ते सालीसकट वाफवून मग वाळवतात, बहुतेक सहा वर्षांचं मूळ घेतात, वाफेच्या उष्णतेने ते तांबूस-तपकिरी होतं आणि आतली काही जिनसेनोसाइड्स, म्हणजे जिनसेंगमधली गुणकारी द्रव्यं, तीपण बदलतात (आरजी३ हे त्यातलं गाजलेलं नाव, कच्च्या मुळात ते जवळजवळ नसतंच). हेच वाफवणं-वाळवणं परत परत, जुन्या रीतीने नऊ वेळा, केलं की काळं, हुकसम.

आता शब्दाची गंमत. माझ्या मनात आधी 'उकडं जिनसेंग' आलं होतं, कोकणातल्या उकड्या तांदळासारखं, पण उकडणं आपण पाण्यातलंही म्हणतो नि वाफेवरचंही, आणि तिकडे गरम पाण्यातून काढून वाळवलेला तेगुकसम नावाचा वेगळा प्रकार आहे, मग गोंधळ व्हायचा. म्हणून मी 'वाफवलेलं (लाल) जिनसेंग' लिहीन, पांढऱ्याला 'सोलून वाळवलेलं'.

तुलना करताना अजून एक, होंगसमची प्रत मूळ आतून किती भरीव आहे ते बघून ठरते आणि प्रतींची नावं आहेत छनसम, जिसम, यांगसम, म्हणजे आकाश, पृथ्वी आणि चांगलं! तिसऱ्या नंबरलाही 'चांगलं'च म्हणायचं, दुकानदारी कुठलीही असो.

आणि हो, अश्वगंधेला 'भारतीय जिनसेंग' लिहू नका प्लीज, ती वांग्या-टोमॅटोच्या कुळातली.