संधिवातासाठी घेतलेला चाकू नाकाबंदीत जप्त झाला

प्रश्न : मी यावल तालुक्यातला केळी उत्पादक, वय ६७. दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आहे. नखाने पातं ओढायचा साधा चाकू मला उघडत नाही, म्हणून मुलाने ऑनलाइन घडीचा चाकू मागवून दिला. पाठीमागची कळ बोटाने दाबली की स्प्रिंगमुळे पातं आपोआप उघडतं. पातं ८.९ सेंमी, उघडल्यावर मुठीसकट २०.४ सेंमी. फैजपूरहून येताना निवडणुकीच्या नाकाबंदीत तो खिशात सापडला. पंचनामा करून जप्त केला. गुन्हा ‘आर्म ॲक्ट ४/२५ आणि महाराष्ट्र पोलीस कायदा ३७(१)(३)/१३५’ असा लावला. अटक केली नाही, हजर राहण्याची नोटीस दिली. लोक म्हणतात, कोर्टात कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. तसं करू का? आणि पुढे कोणता चाकू घ्यावा?

उत्तर : आप्पा, कबुली देऊ नका. दंड भरून मोकळं होण्याचा हा गुन्हा नाही. कलम १३५ ला कमीत कमी चार महिने आणि जास्तीत जास्त एक वर्ष कैद, शिवाय दंड आहे. चार महिन्यांहून कमी शिक्षा द्यायची तर न्यायाधीशांना तशी कारणं लिहावी लागतात. शस्त्र कायद्याच्या (आर्म ॲक्ट) कलम २५(१बी) ला एक ते तीन वर्षं आहेत. आणि कबुली म्हणजे दोषसिद्धी, ती नोंदीत राहते. उद्या पासपोर्ट काढताना किंवा पीक संरक्षणाच्या बंदुकीचा परवाना मागताना ती पुढे येते.

दोन्ही कलमांची ताकद सारखी नाही. आधी ४/२५ बघू, कारण ते अजामीनपात्र आहे आणि तुमच्यावर ते लागूच होऊ नये असं माझं ठाम मत आहे. शस्त्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टातल्या पाचव्या वर्गात येतात ती ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं, म्हणजे २२.८६ सेंमी लांबी किंवा ५.०८ सेंमी रुंदीच्या वरची. घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातूनही वगळली आहेत. तुमचं पातं ८.९ सेंमी. मूठ धरून मोजलं तरी २०.४, ते ९ इंचांच्या आतच राहतं. शिवाय परवान्याशिवाय हत्यार बाळगायला मनाई करणारं कलम ४ सगळीकडे आपोआप लागत नाही. केंद्र सरकारने त्या भागासाठी काढलेली अधिसूचना सरकार पक्षाला कोर्टात दाखवावी लागते.

आता पंचनाम्याची प्रत हातात घ्या आणि मापाची ओळ वाचा. घाईत बऱ्याचदा ‘अंदाजे आठ इंच लांबीचा धारदार चाकू’ एवढंच लिहिलेलं असतं. आठ इंच कशाचे, पात्याचे की मुठीसकट, ते कळत नाही. पात्याची लांबी, पात्याची रुंदी, मुठीची लांबी अशी तिन्ही मापं वेगळी नसतील, तर पंचांसमोर फेरमोजणी करावी असा लेखी अर्ज तपासी अंमलदारांना द्या आणि पोच घ्या. मोजमाप पट्टीने व्हावं आणि फोटोत पट्टी दिसावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं, तेही मागा.

शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ म्हणजे हल्ला किंवा बचावासाठी हत्यार म्हणून बनवलेली वस्तू. म्हणून त्या ऑनलाइन पानावर चाकूचं नाव काय आहे, हे मुलाकडून आजच बघून घ्या. ‘टॅक्टिकल’, ‘सेल्फ डिफेन्स’ असले शब्द असतील तर सरकारी वकील तेच वाचून दाखवतील. ‘कॅम्पिंग’, ‘गार्डन’, ‘युटिलिटी’ असेल तर ते तुमच्या बाजूचं. बिल आणि त्या पानाची छापील प्रत जपून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते तुमचे वकील तयार करतील. चाकू कशासाठी ठेवला होता, हे कोणीही विचारलं तरी खरं तेच सांगा : ठिबकची नळी कापायला, घडाला बांधलेली सुतळी सोडवायला, खताच्या गोणीचा टाका काढायला. ‘रात्री वावरात असतो, म्हणून असावा जवळ’ असं सहज बोलून गेलात, तर अवजाराचं हत्यार तुम्हीच करून द्याल.

३७(१)(३)/१३५ मध्ये मात्र तुमची बाजू तेवढी भक्कम नाही. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या मनाई आदेशात चाकूची लांबी बघत नाहीत, चाकू जवळ बाळगणंच मना असतं. पण गुन्हा सिद्ध करायला त्या तारखेला आदेश लागू होता आणि तो रीतसर जाहीर झाला होता, या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. आदेशाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातून माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आदेशाची सुरुवातीची आणि शेवटची तारीख व वेळ तुमच्या जप्तीच्या तारखेशी आणि वेळेशी लावून बघा. सवलतीची कलमंही वाचा. अपंग वा वृद्धांच्या काठीला सूट असली तरी ती चाकूला लागत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. हे कलम जामीनपात्र आहे. दोषारोप शाबीत झालाच, तर वय, आजार आणि स्वच्छ पूर्वेतिहास दाखवून १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा (कैदेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याचा) लाभ मागता येतो.

४/२५ आधी निघावं, याचं आणखी एक कारण आहे. संहितेच्या कलम ३५(७) प्रमाणे तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात ६० वर्षांवरच्या माणसाला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक करता येत नाही. १३५ त्यात बसतं. २५ ला शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते, म्हणून तिथे हे संरक्षण मागायला अडचण येते.

नोटिशीच्या तारखेला हजर राहाच. नोटीस पाळणाऱ्याला सहसा अटक होत नाही, न पाळणाऱ्याला होऊ शकते. जाताना एक लेखी अर्ज न्या, सोबत कागद जोडा : डॉक्टरांची घटनेच्या आधीची चिठ्ठी आणि अंगठ्याचा एक्स-रे, केळीची पीक नोंद असलेला सातबारा, चाकूचं बिल. आजार नंतर दाखवल्यासारखा वाटू नये म्हणून आधीच्या तारखेचा कागद महत्त्वाचा. अर्जात शेवटी ‘४/२५ ही कलमं वगळावीत’ अशी स्पष्ट विनंती करा. तरीही दोषारोपपत्रात ती राहिली, तर दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच त्या आरोपातून वगळण्याचा, अर्ज यावलच्या कोर्टात करायचा. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करून मागण्याचा मार्ग आहे, पण एवढ्या प्रकरणात तो पहिल्याच पावलाला धरू नये असं मला वाटतं. चाकू परत मिळवण्यासाठीचा अर्ज सोडून द्या. तो मुद्देमाल आहे, निकालापर्यंत त्याचं माप तुमच्याच उपयोगाचं.

आता नवा चाकू. तुमचा त्रास अंगठ्याच्या मुळाशी आहे, म्हणून चिमटीचा जोर लागेल असं काहीच नको. नखाची खाच असलेला चाकू बाद. ज्याची पातळ पट्टी अंगठ्याने आडवी सारून मगच पातं मिटतं तोही बाद, कारण ती पट्टी दुखऱ्या सांध्यावरच भार टाकते आणि निसटली तर पातं बोटावर येतं. पात्याला मोठं गोल छिद्र असलेला चाकू अंगठ्याच्या पेराने सरकवून उघडतो. मुठीच्या दोन्ही बाजूंनी मागे ओढायची आडवी कळ असेल तर मिटतानाही बोट पात्याच्या वाटेत येत नाही. स्प्रिंगने पातं फेकणारा किंवा बटणाचा चाकू पुन्हा घेऊ नका.

पण तुम्हाला मी घडीचा चाकूच सुचवणार नाही. केळीचा चीक चाकूच्या सांध्यात सुकून काळा पडतो, चार दिवसांत हलका चाकू जड होतो, आणि मग झटका देऊन उघडायची सवय लागते. ७ सेंमीचं स्थिर पातं, पुढचं टोक बोथट, मूठ तीन-साडेतीन सेंमी जाड आणि रबराची, वर कडक म्यान, असा छाटणीचा चाकू घ्या. त्याला उघडायचंच नसतं. तो वावरातल्या खोलीत सिकेटरसोबत (छाटणीच्या कात्रीसोबत) पेटीतच राहू द्या, खिशातून गावात किंवा बाजारात नेऊ नका, आणि मनाई आदेश लागू असेल तेव्हा तर रस्त्यावर अजिबात नाही.

घडीचा घ्यायचाच असेल आणि मुलाकडे दिल्लीला जाणं होत असेल, तर तिथली अधिसूचना लक्षात असू द्या : स्प्रिंगचे, गरारीचे (दातेरी चकतीचे), बटणाचे किंवा इतर यांत्रिक युक्तीने उघडणारे चाकू ७.६२ सेंमी लांब आणि १.७२ सेंमी रुंद किंवा त्याहून मोठे असतील, तर परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. विमानाने जाताना चाकू हातातल्या बॅगेत नको, जमा करायच्या सामानात ठेवा.