चित्र घसरतंय, पण पिक्चर ट्यूब निर्दोष आहे

प्रश्न : आमच्याकडे जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आहे. त्यावर आम्ही व्हीसीआर लावून जुन्या कॅसेट बघतो. सुरुवातीला चित्र ठीक असतं. अर्ध्या तासाने ते हळूहळू खाली घसरू लागतं आणि मध्ये काळा पट्टा दिसतो. मागचं बटण फिरवलं की थांबतं, पुन्हा घसरतं. आता बटण एका टोकाला पोचलंय. शिवाय चित्राचा वरचा भाग कायम एका बाजूला वाकलेला असतो. मेकॅनिक म्हणतो, पिक्चर ट्यूब गेली. खरं का?

उत्तर : नाही. ट्यूब थकली की चित्र फिकट, अंधुक होतं. ती थकल्याने चित्र घसरत नाही. ट्यूबवर पैसे घालू नका.

चित्र वरून खाली रेखण्याची चाल सेटमधला व्हर्टिकल ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक ठेका देणारं सर्किट, ठरवतो. ६२५ रेषांच्या पद्धतीत हे काम सेकंदाला ५० वेळा होतं. ऑसिलेटरने मुद्दाम किंचित हळू चालायचं आणि सिग्नलसोबत येणाऱ्या सिंक पल्सने (वेळ जुळवणाऱ्या इशाऱ्याने) त्याला दर वेळी वेळेवर हाकायचं, अशी मांडणी असते. तो स्वतःच जास्त वेगाने पळू लागला, तर पल्स पोचण्याआधीच त्याची फेरी संपते आणि चित्र खाली घसरतं. फारच हळू पडला तर वर सरकतं. म्हणून चित्र कोणत्या दिशेला जातं हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. बहुतेक जण नुसतं 'हलतंय' म्हणतात.

तुमचा ऑसिलेटर तापला की वेग वाढवतो. त्याची वेळ ठरवणाऱ्या कंडेन्सरची किंवा त्याच्या जोडीच्या रेझिस्टरचं मूल्य उष्णतेने बदलतंय, असा माझा पहिला संशय. व्हर्टिकल होल्ड, म्हणजे मागचं ते बटण, फिरवून तुम्ही तेवढीच भरपाई करत होतात, आता बटणाची हद्द संपली.

मागचं झाकण न उघडता एक गोष्ट बघा. सेट थंड असताना होल्ड सावकाश फिरवा. चित्र दोन्ही दिशांना सरकत असेल आणि मध्ये एका जागी पटकन बसत असेल, तर सिंक शाबूत आहे. दोन्हीकडे सरकतं पण कुठेच बसत नाही, असं असेल तर खोट सिंक सेपरेटरच्या, म्हणजे सिग्नलमधून सिंक पल्स वेगळे काढणाऱ्या भागाच्या, बाजूला शोधायची. बटणाला नुसता हात लागताच चित्र उडी मारत असेल, तर आतला कार्बनचा पट्टा मळलाय. कॉन्टॅक्ट क्लीनरने काम भागेल.

पुढचं काम मेकॅनिकचं. त्याला सांगा, सेट चालू असताना व्हर्टिकलच्या भागातल्या एकेका सुट्या भागावर हेअर ड्रायरची गरम हवा सोड, मग कूलिंग स्प्रे मार. ज्या भागावर फवारा पडताच चित्र थांबेल, तो चोर. भागांच्या पायांभोवती सोल्डरमध्ये बारीक गोल चीर दिसते का, हेही भिंगातून बघायला सांगा. सेट तापला की अशी ड्राय सोल्डरही असेच खेळ करते. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदललाच तर मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंश सेल्सियस सोसणारा घ्या.

तुम्ही स्वतः मात्र आत हात घालू नका. ट्यूबवर हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. शिवाय कित्येक जुन्या सेटचं चॅसिस (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सला, म्हणजे घरच्या विजेला, जोडलेलं असतं.

राहिला वरचा वाकलेला भाग. याचा घसरण्याशी संबंध नाही. व्हीसीआरमध्ये चित्राच्या तळाशी टेप वाचणाऱ्या एका हेडकडून दुसऱ्याकडे काम जातं, तेव्हा रेषांची वेळ किंचित चुकते. जुन्या सेटचं हॉरिझॉन्टल (आडव्या रेषांची वेळ सांभाळणारं) सर्किट ही चूक सावकाश सावरतं, तोवर वरच्या काही रेषा वाकून जातात. काही सेटमध्ये एक चॅनेल खास व्हीसीआरसाठी ठेवलेला असतो, त्यावर हे सर्किट चटकन सावरतं. माहितीपुस्तिका असेल तर तो चॅनेल शोधा आणि व्हीसीआर त्यावर ट्यून करा.