‘देवाचे राज्य’ म्हणजे कोणाचा मुलूख?

प्रश्न असा आला आहे: मराठी बायबलमध्ये कुठे ‘देवाचे राज्य’ तर कुठे ‘स्वर्गाचे राज्य’ असं येतं. ही दोन वेगळी आहेत का? मेल्यावर जिथे जायचं ते ठिकाण असा अर्थ असेल, तर ते राज्य ‘जवळ आले आहे’ किंवा ‘तुझे राज्य येवो’ असं कसं म्हणता येईल? ठिकाण कधी येतं का?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. दोन्ही एकच. येशूचं चरित्र सांगणारी बायबलमधली चार पुस्तकं म्हणजे शुभवर्तमानं: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. ‘स्वर्गाचे राज्य’ हा प्रयोग त्यांपैकी फक्त मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. मोहरीच्या दाण्याचा तोच दृष्टान्त मत्तय ‘स्वर्गाचे राज्य’ म्हणून सांगतो आणि मार्क ‘देवाचे राज्य’ म्हणून. यहुदी लोक आदरापोटी देवाचं नाव उच्चारायचं टाळत आणि त्याऐवजी ‘स्वर्ग’ म्हणत. आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव न घेता ‘आमचे हे’ म्हणत, आणि देवाबद्दल बोलताना आपणही ‘वरच्याची मर्जी’ म्हणतोच. तेव्हा इथला ‘स्वर्ग’ म्हणजे राज्याचा पत्ता नाही. तिथे राजाचा आदराने केलेला उल्लेख आहे.

खरा गुंता ‘राज्य’ या शब्दात आहे. आज राज्य म्हटलं की डोळ्यांपुढे नकाशा येतो: महाराष्ट्र राज्य, शेजारचं राज्य, राज्याची हद्द. पण शब्दाची घडण बघा. शूर–शौर्य, पंडित–पांडित्य, तसं राजन्–राज्य. राजाचा भाव किंवा राजाचं कर्म, म्हणजे राजेपण. मुलूख हा अर्थ त्याच्या मागून येतो. शुभवर्तमानांतला ग्रीक शब्द ‘बासिलेइया’ आणि त्यामागचा हिब्रू ‘मल्खूत’ यांचंही असंच आहे. आधी राजसत्ता, मग तिच्याखालचा प्रदेश.

लूकच्या १९व्या अध्यायातली गोष्ट याचा चांगला पुरावा आहे. एक उमराव ‘राज्य मिळवून’ परत यायला दूर देशी जातो आणि परत येतो तो आपल्याच लोकांत. म्हणजे त्याने तिथून आणलं ते राजपद, जमीन नव्हे. येशूच्या श्रोत्यांना यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. रोमच्या अंकित असलेला यहुद्यांचा राजा हेरोद याच्यानंतर त्याचा मुलगा अर्खेलाव असाच सत्तेवर मान्यता मिळवायला रोमला गेला होता.

आणि मराठीला हा अर्थ परका नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि ‘इंग्रजांचं राज्य आलं’ असं आपण म्हणतो. मुळा-मुठा तिथेच होत्या, शनिवारवाडा तिथेच होता. बदललं ते हुकूम कोणाचा चालणार एवढंच. रामराज्याची चौकशी करताना कोणी त्याच्या सीमा विचारत नाही. लपाछपीत मुलं ‘तुझ्यावर राज्य आलं’ म्हणतात, तिथेही राज्य ही जागा नसतेच. या अंगाने येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतलं ‘तुझे राज्य येवो’ वाचलं की पुढची ओळ तिचा अर्थच सांगते: ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ आपण तिकडे जाण्याची ही प्रार्थना नाही. त्याची सत्ता इकडे चालावी म्हणून ती आहे.

मात्र जागेचा अर्थ अजिबात पुसून टाकू नये. राज्यात ‘प्रवेश’ करायचा असतो, आणि मत्तय २५ मध्ये तर ‘ते वतन घ्या’ असं म्हटलं आहे. वतन! भाषांतरकाराने किती नेमका शब्द उचलला आहे. वंशपरंपरेचा हक्क त्यात आहेच, पण वतनाबरोबर चाकरीही येते हे मराठी कानाला वेगळं सांगावं लागत नाही. ख्रिस्ती श्रद्धेत या राज्याला काळाचीही दोन टोकं आहेत. येशूच्या येण्याने ते सुरू झालं आणि त्याची पूर्णता अजून व्हायची आहे. म्हणून एकाच तोंडी ‘आले आहे’ही येतं आणि ‘येवो’ही.

लूक १७:२१ वर नेहमी वाद होतो: राज्य ‘तुमच्यामध्ये’ म्हणजे अंतःकरणात, की तुमच्या मधोमध? ग्रीक ‘एन्तोस’ दोन्हीकडे झुकतो. हे उत्तर येशूने परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, दिलं आहे, आणि ते तर त्याचे विरोधक. त्यामुळे मला ‘मधोमध’ हा अर्थ जास्त पटतो. मराठी ‘मध्ये’ दोन्ही अर्थ सांभाळतं, तेव्हा भाषांतर बदलायची गरज नाही.

कुणाला समजावून सांगताना ‘देवाची सत्ता’ म्हणायला हरकत नाही, पण तो शब्द जरा कोरडा पडतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला आपला समुदाय सुरू केला तेव्हा त्याचं नाव ठेवलं ‘देवाचा दरबार’. दरबार म्हटलं की राजा समोर बसलेला असतो आणि गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसालाही तिथे जागा असते. ‘राज्य’ वाचताना नकाशा आडवा येत असेल, तर हा दरबार डोळ्यांपुढे आणून बघा.