आत काही भलतंच निघालं तर?

"मॅडम, ते डोळे मिटून करायचं नको. आत काही भलतंच निघालं तर? मग ते परत आत कसं ढकलायचं?"

समुपदेशनाच्या चौथ्या भेटीत ताई असं म्हणाल्या तेव्हा त्यांनी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. ही भीती मी इतक्या जणांकडून ऐकली आहे, की कुणी बोलून दाखवली नाही तर मीच विषय काढते.

ताई त्रेचाळीस वर्षांच्या, शाळेत शिक्षिका, माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आई जाऊन आठ महिने झाले होते आणि भावांनी गावचं घर विकायचं घाटलं होतं. तेव्हापासून रोज पहाटे तीनला जाग आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं दडपण. ईसीजी, थायरॉइड, सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, कशातच काही निघालं नव्हतं. आईचा विषय आला की त्या दोन वाक्यांत आटपायच्या: "वय झालं होतं. सगळं व्यवस्थित पार पडलं." तीन भेटी आम्ही त्या दोन वाक्यांभोवतीच फिरत राहिलो, म्हणून मी कल्पनाचित्रांची वाट सुचवली: डोळे मिटून मनासमोर चित्रं येऊ द्यायची आणि त्यांत काय दिसतं ते बघत पुढे जायचं.

त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. कुणी आकडे मोजतंय, समोरची बाई गुंगीत जाऊन गतजन्मातलं काहीबाही ओरडून सांगतेय. मी सांगितलं, इथे तसं काही नाही. तुम्ही पूर्ण जाग्या असाल. पंख्याचा आवाज, बाहेरची रिक्षा, सगळं ऐकू येत राहील. डोळे उघडे ठेवलेत तरी चालेल. हात वर केलात की मी त्याच क्षणी थांबेन. जे दिसेल त्यातलं मला किती सांगायचं, तेही तुमच्या हातात.

या पद्धतीला मोठा इतिहास आहे. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९१३ पासून स्वतःच्याच मनातल्या प्रतिमांशी जागेपणी संवाद करून पाहिला आणि त्यातून पुढे त्यांची 'सक्रिय कल्पना' ही पद्धत घडली. १९५० च्या दशकात जर्मनीत मानसोपचारतज्ज्ञ हान्सकार्ल लॉयनर यांनी कल्पनाचित्रांच्या कामाला शिस्त लावली. सुरुवातीला ठरावीक चित्रं द्यायची: कुरण, ओढा, डोंगर, घर, रानाची कड. पुढचं रुग्णाच्या मनाने भरायचं.

मीही ताईंना कुरणापासूनच सुरुवात करायला सांगितली. बराच वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, "मॅडम, इंग्रजीच्या पुस्तकातलं चित्र दिसतंय. मेंढ्यांचं."

चूक माझी होती. ज्या मातीवर पाय कधी टेकले नाहीत, तिथून मन आत कसं शिरेल? मी विचारलं, "अनवाणी कुठे चालायचात?" चेहरा लगेच बदलला. सारवलेलं खळं. पलीकडे आगर, पोफळींच्या मुळाशी पाटाचं पाणी. त्या पाण्याच्या कडेने चालत चालत त्या घराशी आल्या. पडवी, ओटी, माजघर. आणि माजघराच्या कोपऱ्यात बाळंतिणीच्या खोलीचं बंद दार.

श्वास अडकला. हात पुन्हा पर्सवर गेला.

अशा वेळी समुपदेशकाला मोह होतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एकीला अशाच जागी विचारलं होतं, "आत कोण आहे?" हा प्रश्न म्हणजे आत कुणीतरी आहे असं सांगणंच. तिच्या मनाने लगेच कुणीतरी उभं केलं, आणि ते माझं होतं की तिचं हे आम्हा दोघींना शेवटपर्यंत नीट उलगडलं नाही. त्यानंतर मी फक्त समोर दिसतं तेवढंच विचारते. "दार कसं आहे? कडी कुठल्या बाजूला?"

"माझ्या बाजूला."

"मग ती तुमची. उघडायची घाई नाही. इथेच थोडं बसायचं का?"

त्या उंबरठ्यावर बसायला गेल्या आणि उठल्या. "आई ओरडायची, उंबऱ्यावर बसू नये." भिंतीला टेकून बसल्या. त्या दिवशी दार उघडलं नाही. आल्या वाटेने आम्ही परतलो, पाय फरशीवर टेकवले, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घेतली, चहा घेतला. ही परतवाट मी कधीही टाळत नाही.

पुढच्या भेटीला त्या आल्या त्या दोन रात्री न झोपता. "मॅडम, खरं सांगा. त्या खोलीत लहानपणी माझ्यावर काही घडलं असेल का, जे मी विसरलेय?"

इथे एक शब्द चुकला तर माणूस उद्ध्वस्त होतो. मी सांगितलं, "मला माहीत नाही, आणि हे चित्रही ते सांगू शकत नाही." आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे, आठवताना मन ती दरवेळी नव्याने रचतं, आणि रचताना आजची भीती, ऐकीव गोष्टी, समोरच्याचे प्रश्न असं सगळं त्यात मिसळतं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलीन पिकरेल या अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या संशोधकांनी १९९५ मध्ये २४ जणांवरचा एक प्रयोग मांडला. लहानपणी तुम्ही बाजारसंकुलात हरवला होता, ही न घडलेली गोष्ट घरच्यांनी सांगितलेल्या खऱ्या प्रसंगांत मिसळून त्यांना दिली. जवळपास दर चौघांतल्या एकाला ती थोडीफार किंवा पूर्ण 'आठवली'. त्याच दशकात अमेरिकेत दडलेल्या आठवणी 'उकरून' काढण्याच्या उपचारांमुळे घरं मोडली, खटले झाले. अत्याचार खरोखर घडतात, आणि कुणी तसं सांगितलं तर मी ते पूर्ण गांभीर्याने ऐकते. पण बंद दाराचं चित्र साक्ष देत नाही. आज दाराशी उभं राहून तुम्हाला काय वाटतं, एवढंच ते सांगतं.

"मग काय वाटतं?" मी विचारलं.

खूप वेळाने त्या म्हणाल्या, "लाज."

दार त्यांनी स्वतः उघडलं, आणखी दोन भेटींनी. आत खाट, दुमडलेली गोधडी, ओव्याच्या धुरीचा वास. बाकी कुणी नाही. आणि मग शब्द आले. शेवटच्या आजारपणात ऊब राहावी म्हणून आईला त्याच खोलीत ठेवलं होतं. रात्री आईने हाक मारली. ताई ओटीवर होत्या, तीन रात्रींच्या जागरणाने मोडून गेलेल्या. हाक ऐकली आणि कूस बदलली. उजाडता उजाडता आई गेली होती. हाक नेमकी किती वाजता आली ते त्यांना आठवत नाही, त्यामुळे पहाटे तीनला जाग येण्याशी तिचा सांधा जोडायला मीही गेले नाही.

हे ऐकून 'नेणिवेतून रहस्य बाहेर आलं' असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. ही गोष्ट ताईंना पहिल्या दिवसापासून माहीत होती. फक्त ती कुणाजवळ उच्चारली नव्हती, स्वतःजवळसुद्धा. माझ्या अनुभवात बंद दारामागे बहुतेक वेळा असंच काहीसं असतं, ओळखीचं आणि न बोललेलं.

चित्रात त्या खाटेशी बसल्या, आईच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं, खूप रडल्या. त्या रात्री जे घडलं ते याने बदलत नाही, हे त्यांना नीट कळत होतं. निघताना मी विचारलं, "दाराचं काय करू या?" म्हणाल्या, "लोटून ठेवते. कडी नको."

सगळ्यांना ही वाट चालत नाही. काहींना मनासमोर चित्रच येत नाही, त्यांच्याबरोबर मी आवाजाने, स्पर्शाने किंवा साध्या बोलण्याने काम करते. ज्यांना भास होतात, भान सुटतं किंवा ज्यांचा आघात अगदी ताजा आहे, त्यांच्याबरोबर मी हे करत नाही, आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. रेकॉर्डिंग लावून घरी एकट्याने जुन्या जखमांत शिरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. रात्री अगदीच असह्य झालं तर १४४१६ हा सरकारी टेली-मानस क्रमांक कुठल्याही वेळी लावता येतो, मराठीतही बोलता येतं.

ताईंची झोप हळूहळू सुधारली. आठवड्यातून एखादी रात्र अजूनही जाते. घराचा व्यवहार अजून झालेला नाही. मे महिन्यात त्या गावी जाऊन आल्या. बाळंतिणीच्या खोलीत वहिनीने आंब्यांची अढी घातली होती. "पेंढा बाजूला करत आत गेले," त्या सांगत होत्या, "आणि पिकलेले चार बघून काढले."