जर्मनीत ओळखपाळख नसताना सरकारी कामं कशी होतात?

प्रश्न असा आहे: "मी बीडचा. पुढच्या महिन्यात नोकरीसाठी जर्मनीला चाललोय. तिथं महिनोन्‌महिने अपॉइंटमेंट मिळत नाही, एकेका कागदासाठी पळवतात असं ऐकतोय. भाषा जेमतेम, ओळख कुणाचीच नाही. कसं निभवायचं?"

ओळखीशिवाय निभतं. खरं म्हणजे ओळख असली तरी तिचा तिथं काही उपयोग होत नाही, आणि आपल्याकडून गेलेल्या माणसाला सुरुवातीला हेच जड जातं. तहसीलला काम अडलं की आपण आधी आठवतो, आत कोण आहे. मेहुण्याचा वर्गमित्र, गावाकडचा शिपाई, कुणीतरी निघतोच. तिकडं टेबलामागच्या बाईंशी तुमचं कितीही छान जमलं तरी एक कागद कमी असेल तर त्या हसतमुखानं परत पाठवतील. कागद पूर्ण असतील तर तोंड पाडून का होईना, काम करून देतील. मी सध्या सुट्टीत लातूरला आलोय. आमच्या गल्लीत ज्यांची पोरं जर्मन शिकायलीत तेही रोज हेच विचारायलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रांगेचं म्हणाल तर मराठवाड्याच्या माणसाला रांग कुणी शिकवायची? २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या दिवसांत पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. टँकरपुढं घागर ठेवली की नंबर लागला, माणूस सावलीला बसला तरी चालायचं. जर्मनीतही माणूस स्वतः उभा राहून फार काही साधत नाही. तिथं नंबर लागतो तारखेचा: अर्ज कधी पोचला, पत्र कधी मिळालं, मुदत कधी संपते. मोठ्या शहरांत परदेशी लोकांच्या ऑफिसाबाहेर पहाटेपासून लोक उभे असल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. पण त्यातले काहीजण मुदत संपत आल्यावर धावलेले असतात.

पहिलं सरकारी काम म्हणजे पत्ता नोंदवणं, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत गावच्या नागरिक कार्यालयात, म्हणजे ब्युर्गरआम्टमध्ये, जाऊन सांगायचं की मी इथं राहतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पुढचं सगळं याच्यावर लोंबकळत असतं. नोंदणी झाली की थोड्या दिवसांनी पोस्टानं ११ आकडी टॅक्स नंबर येतो. तो वेळेत मिळाला नाही तर कंपनी पगारातून सगळ्यात चढ्या वर्गानं कर कापते. पैसे नंतर परत मिळतात, पण पहिला पगार बघून पोटात गोळा येतो. बऱ्याच बँका खात्यासाठी या नोंदणीची पावती मागतात, आणि राहण्याचा परवाना देणारं ऑफिससुद्धा पत्त्यावरूनच ठरतं.

अडतं ते एका कागदावर. २०१५ च्या नोव्हेंबरपासून घरमालकानं सही करून द्यायचा एक फॉर्म सक्तीचा आहे, की हा माणूस अमुक तारखेपासून माझ्या घरात राहायला आलाय. नुसता भाडेकरार चालत नाही. आणि थोड्या दिवसांसाठी खोली देणारे कितीतरी लोक हा फॉर्म द्यायला सरळ नाही म्हणतात. म्हणून इथून खोली ठरवतानाच, पैसे पाठवायच्या आधी, लेखी विचारा: या पत्त्यावर आनमेल्डुंग करता येईल का? "बघू, आल्यावर ठरवू" असं उत्तर आलं तर दुसरी खोली बघा. खोली न दाखवता डिपॉझिट मागणाऱ्याला तर एक रुपयाही पाठवू नका. असले भामटे तिकडंही चिक्कार आहेत.

दोन आठवड्यांत अपॉइंटमेंट, म्हणजे तिथल्या भाषेत टर्मिन, मिळालंच नाही तर? कायद्यात १००० युरोपर्यंत दंड आहे. पण मिळेल ती पहिली तारीख घेऊन त्याची ईमेल जपून ठेवली, तर त्यासाठी दंड भरलेला माणूस मला अजून भेटला नाही. सकाळी ऑफिस उघडायच्या सुमारास वेबसाइट बघत राहायची. लोक रद्द करतात त्या वेळा तेव्हा मोकळ्या होतात. आसपासच्या प्रत्येक वॉर्डातलं ऑफिस बघा, मोठ्या शहरात कुठल्याही वॉर्डात नोंदणी चालते. पैसे घेऊन टर्मिन काढून देणारे एजंटही भेटतील. त्यांच्या नादी लागू नका.

ऑफिसातलं दृश्य एकदा सांगून ठेवतो, म्हणजे दचकणार नाही. दारात मशीन असतं, त्यातून चिठ्ठी निघते किंवा नंबर आधीच ईमेलनं आलेला असतो. समजा "बी ०४७". भिंतीवरच्या पडद्यावर टिंग वाजतं आणि नंबर आणि खोली दिसते. तुमच्या डोळ्यांदेखत बी ०५२ आत जातो आणि आपल्या माणसाचं डोकं फिरतं, घुसवला म्हणून. घुसवलेला नसतो. कामाप्रमाणे टेबलं वेगळी असतात, त्याचं टेबल आधी मोकळं झालेलं असतं. उठून काचेपाशी विचारायला गेलात आणि तेवढ्यात तुमचा नंबर वाजून गेला, तर मात्र खरंच पंचाईत. पडद्यावरची नजर काढू नका, मोबाईल खिशात ठेवा. आत गेल्यावर नमस्कार, बसा म्हणाले की बसायचं, कागद त्यांच्या यादीच्या क्रमानं पुढं ठेवायचे आणि गप्प राहायचं. आपण बोलत राहतो, कारण इथं बोलल्यानं काम होतं. तिथं बोलल्यानं त्यांचं वाचन थांबतं.

मामांनी मला जाताना कानात विचारलं होतं, "तिकडं बी चिरीमिरी लागती का रं?" नाही लागत. आणि काम झाल्याच्या आनंदात पेढ्याचा बॉक्सही नेऊ नका. सरकारी माणसाला भेटी घ्यायला बंदी असते, तुम्ही प्रेमानं नेलेल्या पेढ्यानं त्या बिचाऱ्या बाईंची अडचण होते. भाषेचंही तसंच. इंग्रजी येत असलं तरी कामकाज जर्मनमध्येच चालवायचा त्यांना हक्क आहे, म्हणून जर्मन येणारा कुणीतरी सोबत घ्या. बऱ्याच मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपतीला गेलात की माणसं जोडली जातात. सोबत येणं हीच तिथली ओळख, त्यापुढं वशिला नाही. तेही जमलं नाही तर कारितास, डियाकोनी अशा संस्थांत परदेशातून आलेल्यांसाठी फुकट सल्लाकेंद्रं असतात. तिथली माणसं तुमच्या शेजारी बसून फॉर्म भरून देतात.

आता व्हिसाचं, कारण सगळ्यात जास्त घाबरगुंडी इथं उडते. इथून जाताना पासपोर्टवर जो व्हिसा चिकटवलेला असतो तो काही महिन्यांचा असतो. तो संपायच्या आत तिथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात राहण्याच्या परवान्याचा अर्ज गेला पाहिजे. नीट वाचा: अर्ज गेला पाहिजे, परवाना मिळालेला असायला हवा असं नाही. मुदतीच्या आत अर्ज दिला की निर्णय लागेपर्यंत तुमचा जुना हक्क, नोकरीच्या परवानगीसकट, चालू आहे असं कायदाच धरून चालतो. त्याचा एक तात्पुरता दाखला मिळतो, नाव लांबलचक आहे, फिक्सिओन्सबेशायनिगुंग. तो मागून घ्या. नुसतं टर्मिन घेतलं म्हणजे अर्ज झाला असं समजू नका. अर्ज ऑनलाइन असेल तर तिथं भरा, नसेल तर लेखी पाठवा, आणि पोचल्याची ईमेल किंवा रजिस्टर पोस्टाची पावती फाईलला लावा. पुढं ते चार महिन्यांनी बोलावोत नाहीतर सहा, तुमची घागर लागलेली आहे. पहिल्या परवान्याची फी साधारण १०० युरो. कार्ड बर्लिनला छापून येतं, त्याला काही आठवडे जातात. फी भरायला बऱ्याच ठिकाणी तिथलंच बँक कार्ड लागतं, इथलं क्रेडिट कार्ड मशीन घेईलच असं नाही.

फोटो मात्र इथून काढून नेऊ नका. १ मे २०२५ पासून या कामाला कागदी फोटो बंद झालेत. ऑफिसातल्या मशीनवर किंवा मान्यताप्राप्त फोटोवाल्याकडं डिजिटल काढायचा.

इथून न्यायच्या कागदांबद्दल दोन-चार गोष्टी खास आपल्या भागाच्या. दहावी-बारावीची, डिग्रीची सर्टिफिकेटं लॅमिनेट करू नका. आपल्याकडं मार्कशीट हातात पडली की बाप आधी लॅमिनेशनच्या दुकानात नेतो. त्यावर पुढं शिक्का मारायला जागाच उरत नाही. स्वतः सही करून "सत्यप्रत" लिहिलेल्या झेरॉक्सला तिथं कवडीची किंमत नाही. मूळ प्रत न्या, साक्षांकित प्रत तिथल्या ऑफिसात किंवा नोटरीकडं करून मिळते. जन्माचा आणि लग्नाचा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत असलेला घ्या, नुसत्या मराठीचा शपथबद्ध भाषांतरकार तिथं सहज सापडत नाही. बोर्डाच्या कागदावर आपलं आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असतं. तिथं सगळीकडं पासपोर्ट सांगेल तसंच लिहा, एका अक्षराचाही फरक नको.

तुमच्या बाबतीत नाही, पण धाराशिव आणि संभाजीनगरकडच्यांना आणखी एक त्रास आहे. पासपोर्टवर उस्मानाबाद आणि नव्यानं काढलेल्या दाखल्यावर धाराशिव, अशी गावं दोन दिसतात. जर्मन कारकुनाला २०२३ चा नामबदल माहीत असायचं कारण नाही. शासनाच्या अधिसूचनेची एक प्रत सोबत ठेवली की विषय संपतो.

तिथं गेल्यावर पहिल्या दिवशी करायचं काम यातलं एकही नाही. ते आहे दाराच्या बेलवर आणि पत्रपेटीवर स्वतःचं आडनाव चिकटवणं. पोस्टमन खोली नंबर बघत नाही, नाव बघतो. नाव नसेल तर टॅक्स नंबर, बँकेचा पिन, सगळं परत जातं, आणि तुम्हाला वाटतं सरकार झोपलंय. पत्र आलं की त्याच दिवशी उघडायचं. पिवळं पाकीट असेल तर पाकीटसुद्धा फेकू नका. पोस्टमननं त्यावर पेनानं तारीख टाकलेली असते आणि मुदत त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही पत्र कधी वाचलं त्याच्याशी कुणाला घेणं नसतं. दंडाच्या नोटिशीवर हरकत घ्यायला दोन आठवडे, इतर बऱ्याचशा सरकारी निर्णयांना एक महिना. हरकत सही करून लेखी द्यायची, साधी ईमेल बहुतेक वेळा धरत नाहीत. उलट बाजूही आहे: अर्ज देऊन तीन महिने झाले आणि काहीच निर्णय नाही, तर ऑफिसविरुद्ध कोर्टात जाता येतं. वकिलाचं एक पत्र गेलं तरी फायली हलताना पाहिल्यात. आपल्याकडंही २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरवलेलं आहे, पण सेतूत उभं राहून तो वापरणारा माणूस मला लातुरात दिसलेला नाही.

पहिल्या पत्रांतलंच एक असतं रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, महिन्याला १८.३६ युरो. ते बनावट नसतं. आमच्याकडं टीव्ही नाही हे कारण चालत नाही, वर्गणी घरामागं आहे. तीन पोरं एका घरात राहत असाल तर एकानंच भरायची, बाकीच्यांनी त्याचा वर्गणीचा नंबर कळवायचा.

दुकानातल्या रांगांना घाबरायचं कारण नाही. पट्ट्यावर आपलं सामान संपलं की मागच्यासाठी ती आडवी काठी ठेवा, एवढ्यानं निम्मे लोक खूश होतात. बेकरीत आणि दवाखान्यात रांग दिसत नाही, पण आधी कोण आलं ते प्रत्येकाला पक्कं माहीत असतं. आत शिरताना सगळ्यांना नमस्कार घाला आणि कोण कोण बसलंय ते बघून ठेवा. जर्मनांच्या शिस्तीची ख्याती मोठी, पण सुपरमार्केटात नवा काउंटर उघडला की शेवटचा माणूस पहिला धावतो. तिथं आपली एसटीची तालीम कामाला येते.

आणि गाडी चालवायची असेल तर आपलं लायसन्स तिथं राहायला गेल्यापासून सहाच महिने चालतं. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा नव्यानं, बीड-परळी रस्त्यावर तुम्ही कितीही वर्षं ट्रॅक्स पळवली असली तरी. त्याच्याही तारखा लवकर मिळत नाहीत, म्हणून पत्ता नोंदवून झाला की त्याच आठवड्यात ड्रायव्हिंग स्कूलला नाव घाला.