सिंगल स्पीड सायकलवर मडगार्ड-कॅरिअर आधी की गिअर आधी?

तुम्ही विचारलंय की पुढे ४६ आणि मागे १६ दात्यांची, एकाच गिअरची (सिंगल स्पीड) सायकल चढावर जड जाते, शिवाय रोज बॅग न्यायची आहे, तर कॅरिअर, मडगार्ड आणि गिअर यांतलं आधी काय करावं. माझं ठाम मत : आधी गिअर, म्हणजे पुढच्या-मागच्या दात्यांचं प्रमाण. मागचं चाक कुठे बसणार हे त्यावरच ठरतं आणि बाकीचं सगळं त्या चाकाभोवती बसवायचं असतं.

४६/१६ म्हणजे २.८७, पेडलच्या एका फेरीत मागचं चाक तेवढ्या वेळा फिरतं. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरला तर पेडलच्या एका फेरीत सायकल ६ मीटर जाते. बॅगेच्या वजनासह चढावर हे फारच जड. पुढचं चेन व्हील बदलण्याच्या खर्चात पडू नका, मागे १८ दात्यांचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं दातेरी चक्र) टाका. एका फेरीत ५.४ मीटर, म्हणजे पेडल सुमारे ११ टक्के हलकं. सपाट रस्त्यावर मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तरी ताशी २५-२६ किलोमीटर मिळतात, रोजच्या जाण्यायेण्याला ते भरपूर आहे. रस्ता सतत चढाचाच असेल तर सरळ २० दात्यांचं घ्या.

जुनं फ्रीव्हील पेडल मारून मारून घट्ट आवळलेलं असतं. त्याच्या खाचांत नेमका बसणारा रिमूव्हर घ्या, तो व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) पकडा, चाक त्यावर आडवं ठेवा आणि वरून पाहताना अख्खं चाक डावीकडे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवा. छिन्नी-हातोडा नको, खाचा तुटल्या की ते काढणं खरंच अवघड होतं. नवं बसवताना आट्यांना ग्रीस लावायला विसरू नका. फ्रीव्हील चेनच्या रुंदीला जुळतंय ना, तेही घेतानाच बघा.

दोन दाते वाढले की त्याच चेनवर मागचा एक्सल (चाकाचा आस) सुमारे ६ मिलिमीटर पुढे येतो. फ्रेमच्या खाचेत तेवढी जागा नसेल तर चेन वाढवावी लागेल. चेन मधोमध बोटाने दाबली की अर्धा इंच हलावी. पेडल पूर्ण फिरवून ती जिथे सर्वांत ताठ होते तिथेच हे तपासा, नाहीतर एका जागी सैल वाटणारी चेन दुसरीकडे बेअरिंगवर ताण देते.

चाक सरकलं म्हणजे रिम ब्रेकचे शूही (रिमला दाबणारे रबरी ठोकळे) सरकवावे लागतात. ते रिमवर पूर्ण टेकतात ना, टायरला घासत नाहीत ना, हे पाहिल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढू नका.

आता मडगार्ड. टायरपासून एका बोटाच्या रुंदीइतकं अंतर ठेवा आणि चाक खाचेत मागेपुढे सरकवूनही ते घासत नाही याची खात्री करा. कॅरिअरसाठी फ्रेमला भोकं नसतील तर रबरी अस्तराचे क्लॅम्प मिळतात, पण त्यांवर जड ओझं टाकू नये. पहिले काही दिवस सायकल चालवून झाली की सगळे स्क्रू पुन्हा आवळा. मागचा दिवा सीटखाली न लावता कॅरिअरच्या टोकाला लावा, सीटखालचा दिवा बॅगेआड जातो.